प्रवाशाची शब्दयादी आणि बास्क भाषेचा इतिहास

बाराव्या शतकाच्या मध्यास, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी लॅटिन भाषेत एक मार्गदर्शिका सिद्ध झाली. 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखित संग्रहाचा ती पाचवा भाग आहे. फ्रान्समधील एमेरिक पिको हा धर्मोपदेशक तिचा कर्ता असावा, असे परंपरेने मानले जाते. मुक्कामाची गावे कोणती, कोणत्या नदीचे पाणी पिण्याजोगे आणि कोणत्या नदीचे घातक, कोणत्या चर्चमध्ये कोणत्या संताचे अवशेष आहेत, असा व्यवहारोपयोगी मजकूर तीत आहे. पिरेनीज पर्वताच्या घाटाशी पोचल्यावर मात्र लेखकाचा सूर पालटतो. घाटातील जकातवाले यात्रेकरूंना लुबाडतात, त्यांना धर्मबहिष्कृत करावे, अशी मागणी तो करतो. पुढे नावार्राच्या लोकांच्या दुर्गुणांची जंत्री येते. ते एकाच भांड्यातून हातांनी जेवतात आणि ते बोलू लागले की कुत्री भुंकत असल्याचा भास होतो, असे त्याचे म्हणणे आहे. आणि याच निंदेच्या ओघात तो त्यांच्या भाषेतील काही शब्द, अर्थासह, नोंदवून ठेवतो.

ही यादी वीस शब्दांचीही नाही. तथापि बास्क भाषेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. तिच्याआधीचा लिखित बास्क पुरावा म्हणजे शिलालेखांतील व दस्तऐवजांतील विशेषनामे आणि सान मियानच्या मठातील एका लॅटिन हस्तलिखितात कोणी लिहून ठेवलेल्या दोन छोट्या टिपा. भाषा म्हणजे भुंकणे असे ज्याने म्हटले, त्यानेच तिचा पहिला शब्दसंग्रह मागे ठेवला, ही विसंगती केवळ गंमतीची नाही. ज्या भाषेची नोंद शतकानुशतके परक्यांच्या हाती राहिली, तिचा साहित्येतिहास लिहिणाऱ्याला परक्यांच्या साक्षीवाचून पुढे जाता येत नाही, आणि ती साक्ष जशीच्या तशी स्वीकारताही येत नाही. प्रवाशांच्या वृत्तांतांचे वाचन कसे करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच बास्कच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो.

पिकोची यादी बारकाईने वाचली असता तीतून प्रथम प्रवाशाची गरज दिसते. देव, देवमाता, पाव, दारू, मांस, मासा, घर, घरधनी, घरधनीण, चर्च, पाद्री, गहू, पाणी, राजा, संत याकोब हे तिचे विषय. भूक, निवारा आणि श्रद्धा या तीन गरजांपलीकडे ती जात नाही. घरासाठी तो 'एचेआ' हा शब्द देतो. आजच्या बास्कमध्ये तो 'एचे' असा आहे आणि शेवटचा 'आ' हे निश्चयदर्शक उपपद आहे. पाण्यासाठी मात्र तो 'उरिक' असे रूप देतो. बास्कमध्ये पाणी म्हणजे 'उर'. '-इक' हा प्रत्यय प्रश्नार्थक, नकारार्थी वा संकेतार्थी वाक्यात, 'थोडेफार' अशा अर्थाने लागतो. म्हणजे हे रूप 'पाणी आहे का?' किंवा 'पाणी नाही' अशा एखाद्या वाक्यातून उचललेले असावे. चर्चसाठी दिलेले 'एलिसेरा' हे रूपही 'चर्चकडे' या अर्थाचे असावे, असे मानले जाते. मराठी ऐकणाऱ्या एखाद्या परक्याने 'देवळात' हाच देऊळ या अर्थाचा मूळ शब्द समजून टिपून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

व्याकरणदृष्ट्या या चुका आहेत. इतिहासाच्या दृष्टीने यादीतील सर्वांत जिवंत भाग तोच होय. शब्दकोशातील शब्दाला वक्ता नसतो. प्रत्ययासह आलेल्या शब्दाला असतो. 'उरिक' या रूपामागे कोठेतरी घाटाच्या पायथ्याशी झालेला एक संवाद आहे. कोणी पाणी मागितले आहे, कोणी ते दिले आहे किंवा नाकारले आहे. लेखकाला या माणसांची निंदा करावयाची होती, परंतु त्याच्या नकळत त्या माणसांचा आवाज त्याच्या पानावर उतरला. शिवाय तो सरसकट निंदाही करू शकलेला नाही. हे लोक मैदानी लढाईत शूर असतात, चर्चचा दशमांश नियमितपणे भरतात आणि वेदीवर नैवेद्य अर्पण करतात, हे त्याला मान्य करावे लागले आहे. निंदेचा उगम जकातीच्या नाक्यावर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे संहितेतील हा ताण उलगडतो.

सुमारे साडेतीन शतकांनंतर, १४९० च्या दशकाच्या अखेरीस, ऱ्हाईनच्या खोऱ्यातला सरदार आर्नोल्ड फॉन हार्फ याच वाटेने गेला. त्याच्या वृत्तांतातही बास्क शब्द आहेत. खाण्यापिण्याच्या जिनसा आहेत, अंक आहेत, किंमत विचारण्याचे वाक्य आहे आणि तरुण मुलीला शय्येवर बोलावण्याचे एक वाक्यही आहे. पिकोचा यात्रेकरू आणि हार्फचा सरदार यांच्या गरजांत फरक आहे. दृष्टीत फारसा नाही. दोघांच्याही लेखी ही भाषा म्हणजे वाटेतला अडथळा आणि शब्दयादी म्हणजे तो ओलांडण्याचे साधन.

या काळात बास्कभाषक स्वतःकडे आणि प्रवाशाकडे कसे पाहत होते, याचे उत्तर त्यांच्या भाषेतच मिळते. भाषेचे नाव 'एउस्कारा'. त्या लोकांचे स्वतःचे नाव 'एउस्काल्दुन', म्हणजे एउस्कारा जवळ असलेला. त्यांच्या भूमीचे नाव 'एउस्काल एर्रिआ', म्हणजे एउस्काराचा देश. आणि अन्य कोणत्याही भाषेला, मग ती स्पॅनिश असो की फ्रेंच, नाव एकच: 'एर्दारा'. प्रवासी या लोकांची ओळख पर्वताने, राजसत्तेने किंवा वंशाने ठरवीत होता. ते मात्र स्वतःची आणि प्रवाशाचीही ओळख भाषेने ठरवीत होते. ज्याच्या डोळ्यांना ते सारे एकसारखे परके दिसत होते, तोही त्यांच्या लेखी 'एर्दारा' बोलणाऱ्यांपैकी एक होता. एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील 'ओरिएन्टॅलिझम' या ग्रंथानंतर प्रवासवर्णनांतील अन्यत्वाची चिकित्सा रूढ झाली. तिची चौकट येथे उपयोगी पडते, परंतु जशीच्या तशी नव्हे. बास्क हे युरोपच्या अंतरंगातले अन्य आहेत. शिवाय ते केवळ पाहिले गेलेले नाहीत. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १५२२ मध्ये परतलेल्या जहाजाचा कप्तान एल्कानो हा गेतारिया या बास्क बंदरातला होता. नाविक, व्यापारी, अधिकारी आणि धर्मोपदेशक म्हणून बास्क माणसे स्पेनच्या व पोर्तुगालच्या साम्राज्यांत सर्वदूर गेली.

त्यांपैकी एकाचा संबंध गोव्याशी येतो. १५०६ मध्ये नावार्रातील हाविएरच्या गढीत जन्मलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास पोचला. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तामिळ किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये काम करतानाचा अनुभव त्याने १५४४ मध्ये रोममधील सहकाऱ्यांना कळविला. त्या लोकांची जन्मभाषा वेगळी आणि आपली बास्क, त्यामुळे ते आपल्याला समजत नाहीत व आपण त्यांना समजत नाही, असे त्याने त्यात सांगितले आहे. मग दुभाष्यांच्या साहाय्याने त्याने प्रार्थना तामिळमध्ये करून घेतल्या आणि त्या पाठ केल्या. पिकोच्या यादीत जे बास्कच्या वाट्याला आले, ते येथे एका बास्क माणसाकडून तामिळच्या वाट्याला आले: गरजेपुरते शब्द, श्रद्धेच्या कामासाठी. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. 'हाविएर' किंवा 'झेवियर' हे नाव 'एचे बेर्री', म्हणजे 'नवे घर', या बास्क शब्दांतून आलेले आहे. पिकोने टिपलेला 'एचेआ' हा शब्द अशा रीतीने जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चपर्यंत आणि असंख्य गोमंतकीय नावांपर्यंत पोचला आहे. तो उच्चारणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही.

झेवियर भारतात असतानाच बास्क साहित्यातील पहिले मुद्रित पुस्तक निघाले. बेर्नार एचेपारे याचा 'लिंग्वे वास्कोनुम प्रिमितिए' हा काव्यसंग्रह १५४५ मध्ये बोर्दो येथे छापला गेला. आज त्याची एकच मूळ प्रत, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, शिल्लक आहे. एचेपारे हा सां मिशेल या गावचा पाद्री होता, आणि पुस्तकावर त्याने स्वतःची ओळख तशीच दिली आहे. हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. पिकोच्या मार्गदर्शिकेत पर्वत ओलांडण्याचा टप्पा जेथून सुरू होतो, ते हेच सां मिशेल. म्हणजे ज्या वाटेवर चार शतकांपूर्वी या भाषेला भुंकणे म्हटले गेले, त्याच वाटेवरून तिचे पहिले पुस्तक बाहेर पडले. इतर भाषा छापल्या जातात, मग बास्क का छापली जाऊ नये, तिने आता जगात बाहेर पडावे, असा त्यातील अखेरच्या कवितांचा आशय आहे. एचेपारेच्या डोळ्यांसमोर पिकोची संहिता असण्याचा प्रश्नच नाही. परंतु परक्यांची तुच्छता मात्र होती. ती त्या वाटेने रोज येत-जात होती. १५७१ मध्ये लेइसार्रागाचा 'नव्या करारा'चा अनुवाद आणि १६४३ मध्ये अशुलारचा 'गेरो' हा गद्यग्रंथ आला. लॅटिन वा फ्रेंचमध्ये लिहिले गेले तितके बास्कमध्ये लिहिले गेले असते, तर तीही तितकीच संपन्न ठरली असती. दोष भाषेचा नसून तिच्या भाषकांचा आहे, असे अशुलार प्रस्तावनेत म्हणतो. भाषेचे दारिद्र्य हा तिचा स्वभाव नसून तिचा इतिहास आहे, हा विचार त्याने सतराव्या शतकात मांडला.

प्रवाशांच्या परंपरेत खरा पालट घडविला तो विल्हेल्म फॉन हुंबोल्ट याने. १७९९ मध्ये स्पेनच्या प्रवासात त्याने बास्क प्रदेश धावता पाहिला आणि १८०१ च्या वसंतात तो केवळ त्या प्रदेशासाठी परत आला. दुरांगो येथे आस्तार्लोआ आणि मार्किना येथे मोगेल या विद्वान पाद्र्यांशी त्याने भाषेची चर्चा केली. त्यांची हस्तलिखिते पाहिली, टिपणे घेतली. येथे प्रथमच प्रवासी विद्यार्थी झाला आणि स्थानिक माणूस केवळ पाणी देणारा न राहता गुरू झाला. आस्तार्लोआच्या बास्क ही आदिभाषा असल्याच्या कल्पना हुंबोल्टने स्वीकारल्या नाहीत. त्याच्या व्याकरणविषयक निरीक्षणांचे ऋण मात्र मानले. भाषा ही वस्तूंना लावलेली चिठ्ठी नसून जग पाहण्याची एक रीत आहे, हा हुंबोल्टचा सिद्धान्त पुढे आकारास आला, त्याच्या मुळाशी या प्रवासाचा मोठा वाटा आहे. १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्याने देणारा हुंबोल्ट तो हाच. संस्कृतकडे वळण्यापूर्वी युरोपीय भाषांच्या साच्यात न बसणाऱ्या एका जिवंत भाषेचा धडा त्याने गिरविला होता.

परंतु या धड्याचे ग्रंथरूप काय झाले, हे पाहिले असता निराळेच चित्र दिसते. १८१७ मध्ये बास्क भाषेसंबंधीच्या त्याच्या दुरुस्त्या व पुरवण्या प्रसिद्ध झाल्या. १८२१ मध्ये आला तो इबेरियाच्या आदिवासींसंबंधीचा ग्रंथ. त्यात बास्क भाषेच्या आधारे प्राचीन स्थलनामांचा उलगडा करून, एके काळी साऱ्या द्वीपकल्पात बास्कच्या पूर्वजांची भाषा नांदत होती, असे प्रतिपादन आहे. हा ग्रंथ गाजला. १८०१ च्या प्रवासाचे, म्हणजे शेते, घरे, ग्रामसभा आणि माणसे यांचे वर्णन करणारे त्याचे 'दी वास्केन' हे लेखन मात्र त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. समग्र लेखनाच्या खंडात ते १९२० मध्ये प्रथम आले. अस्तंगत लोकांविषयीचा ग्रंथ लगेच वाचला गेला आणि हयात लोकांविषयीच्या ग्रंथाला शतकाहून अधिक काळ थांबावे लागले. याच सुमारास, १९२० च्या दशकात, गोमेस-मोरेनो यांनी प्राचीन इबेरियन लिपी उलगडली. लेख वाचता येऊ लागले, पण बास्कच्या साहाय्याने त्यांचा अर्थ लागला नाही, आणि हुंबोल्टच्या गाजलेल्या ग्रंथाचा पायाच खचला.

या विरोधात एकोणिसाव्या शतकाच्या दृष्टीचे मर्म आहे. प्रवासी आता तुच्छतेने पाहत नव्हता; तो आदराने पाहत होता. परंतु हा आदर प्राचीनतेविषयी होता. भाषा बोलणाऱ्यांकडून ती कशाची तरी साक्ष देणारी वस्तू ठरली. १८४३ मध्ये पासाइया बंदरात राहिलेल्या व्हिक्टर ह्यूगोने बास्क भाषा ही एक मायभूमी, जवळजवळ धर्मच आहे, असे म्हटले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'द बायबल इन स्पेन' या पुस्तकात जॉर्ज बॉरोने, हे लोक गाणारे आहेत पण काव्य करणारे नव्हेत, असा निवाडा दिला. बॉरोने १८३८ मध्ये लूकच्या शुभवर्तमानाचा बास्क अनुवाद छापविला होता; त्याला भाषेविषयी अनास्था होती असे म्हणता येत नाही. त्याच्याकडे काव्याची जी व्याख्या होती, तीत छापील पानाखेरीज कशाला जागा नव्हती. सभेत दिलेल्या विषयावर, ठरलेल्या चालीत आणि यमकात, उभ्या उभ्या पदे रचणाऱ्या 'बेर्त्सोलारी' कवींची परंपरा त्या काळी बहरात होती. मराठी वाचकाला शाहिरांच्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी, असा तो प्रकार आहे. बॉरोला जे केवळ गाणे वाटले, तेच त्या भाषेचे काव्य होते.

या पार्श्वभूमीवर नेपोलियनचा पुतण्या लुई-ल्युसियाँ बोनापार्ट याचे काम वेगळे उठून दिसते. १८५६ ते १८६९ या काळात त्याने बास्क प्रदेशाच्या पाच फेऱ्या केल्या, निरनिराळ्या गावच्या माणसांकडून तोच मजकूर त्यांच्या त्यांच्या बोलीत करवून घेतला आणि आठ बोलींचा नकाशा सिद्ध केला. भाषा कोठून आली यापेक्षा ती कोण, कोठे, कशी बोलतो, हा प्रश्न त्याने महत्त्वाचा मानला. पिकोने चुकून टिपलेला प्रत्यय बोनापार्टने हेतुपुरस्सर टिपला, असे म्हणता येईल.

परक्याची दृष्टी केवळ परक्यापाशी राहत नाही. पाहिला गेलेला माणूसही कालांतराने तिनेच स्वतःकडे पाहू लागतो. हुंबोल्टच्या प्रवासाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, ऑगस्ट १९०१ मध्ये, बिल्बाओ या आपल्या जन्मगावी एका साहित्योत्सवात मिगेल दे उनामुनोने भाषण केले. १८८८ मध्ये बास्कच्या अध्यापकपदासाठी अर्ज केलेला हा विद्वान आता सांगत होता की, ही भाषा आधुनिक जीवनाला पेलणारी नाही, तिला सन्मानाने मूठमाती द्यावी आणि तिचा अभ्यास विज्ञानाकडे सोपवावा. सभेत गदारोळ झाला. उनामुनोचा युक्तिवाद मात्र नवा नव्हता. भाषेला वस्तुसंग्रहालयातील मौल्यवान चीज ठरविणाऱ्या आदराची ती तर्कशुद्ध परिणती होती. त्या अध्यापकपदावर नेमणूक झालेल्या आस्कुए यांनी दुसरा मार्ग धरला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बास्क भाषेच्या अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले.

पुढचा इतिहास रक्ताने माखलेला आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका शहरावर बॉम्बवर्षाव झाला, आणि फ्रँकोच्या राजवटीत बास्कला शाळा, शासन व मुद्रण यांतून हद्दपार करण्यात आले. यादवी युद्धानंतर मृत्युदंडाची शिक्षा झालेला आणि ती रद्द होऊन कारावास भोगलेला कोल्दो मिचेलेना १९६१ मध्ये बास्कच्या ऐतिहासिक ध्वनिविचारावरील ग्रंथ देतो आणि १९६८ मध्ये आरांत्सासुच्या मठात भरलेल्या अकादमीच्या बैठकीत प्रमाणभाषेची रूपरेषा मांडतो. भाषेच्या प्राचीनतेचा सर्वांत कसोशीने अभ्यास करणाऱ्यानेच तिच्या भविष्याची व्यवस्था लावली. बेर्नार्दो आचागाच्या 'ओबाबाकोआक' या १९८८ मधील पुस्तकाला पुढल्या वर्षी स्पेनचे राष्ट्रीय कथनसाहित्य पारितोषिक मिळाले. एचेपारेची इच्छा, काहीशा उशिरा, फळास आली. स्पेनमधील बास्क स्वायत्त प्रदेशात सोळा वर्षांवरील लोकांत बास्कभाषकांचे प्रमाण १९९१ मध्ये सुमारे २४ टक्के होते. २०२१ मध्ये ते सुमारे ३६ टक्क्यांवर गेले. फ्रान्सच्या बाजूस, जेथे या भाषेला राजमान्यता नाही, ते घटत गेले आहे. एचेपारेचे सां मिशेल त्याच बाजूस आहे, हे विसरता येणार नाही.

प्राचीनतेची ओढ आजही सरलेली नाही. पाम्प्लोनाजवळील इरुलेगी येथे उत्खननात सापडलेला, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कांस्याचा हात २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यावरील पहिल्या शब्दाशी आजच्या बास्कमधील 'भाग्यवान' या अर्थाच्या शब्दाचे साम्य दिसताच जगभर वार्ता पसरली. वाचनाविषयी अभ्यासकांत पुढे मतभेदही झाले. असा शोध महत्त्वाचा असतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शब्दाला जे लक्ष मिळते, ते त्या भाषेत आज लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीला मिळते का. हा प्रश्न बास्कपुरता नाही. ज्या ज्या भाषेच्या प्राचीनतेचा गौरव तिच्या वापराहून अधिक केला जातो, तेथे तो विचारावा लागतो.

प्रवाशांचे वृत्तांत त्यांतील पूर्वग्रहांमुळे टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नाही. पिकोच्या यादीतील 'उरिक'ने शिकविला तो धडा असा की, परक्याने लिहिलेल्या संहितेतही बोलणाऱ्याचा आवाज प्रत्ययाच्या, चुकीच्या, अर्धवट वाक्याच्या रूपाने शिल्लक राहतो. आठ-नऊ शतकांपूर्वी कोणीतरी विचारले होते, पाणी आहे का. उत्तर देणाऱ्याचे शब्द यादीत आलेले नाहीत. ते शोधणे हे साहित्येतिहासकाराचे काम आहे, आणि त्या उत्तराचा बराच भाग सां मिशेलच्या पाद्र्याने, आणि त्याच्यामागून आलेल्या लेखकांनी, बास्कमध्येच लिहून ठेवला आहे.